शुद्ध प्रथिनाची पारख
(प्रयोगशाळेत काम करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठीच्या हस्तपुस्तिकेची प्रस्तावना)

ही पुस्तिका एका प्रथिनाविषयी आहे : मानवी पी५३. पेशीत ते काय करते हे आता पदवीच्या पाठ्यपुस्तकांतही वाचायला मिळते. तेच प्रथिन जिवाणूकडून तयार करून घेतले, शुद्ध केले आणि नळीत भरून ठेवले की त्याचे काय होते, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. प्रयोग करायला बसलेल्या माणसाला गरज असते ती नेमकी याच माहितीची.

विकत घेतलेले प्रथिन कोरड्या बर्फात बसून येते. बोटाच्या पेराएवढी कुपी, तळाशी थेंबभर द्रव आणि वर लेबल : मानवी पी५३, रिकॉम्बिनंट, ई. कोलायमध्ये तयार केलेले, शुद्धता ९५ टक्क्यांहून अधिक, उणे ८० अंशांवर ठेवावे, केवळ संशोधनासाठी. या द्रवात एक मायक्रोग्रॅम पी५३ असेल, तर त्यात साधारण १४ लाख कोटी रेणू आहेत. त्यांतले किती रेणू डीएनएला धरू शकतात? याचे उत्तर त्या लेबलावर नसते. लेबलावरचा शब्द न् शब्द खरा असूनही आतले प्रथिन कुचकामी असू शकते. ते कसे, आणि ते ओळखायचे कसे, एवढे सांगण्यासाठीच या पुस्तिकेचा खटाटोप आहे.

आधी विषयाची तोंडओळख. यकृताच्या पेशीत आणि मेंदूच्या पेशीत डीएनए तोच असतो. फरक पडतो तो कोणते जनुक चालू आहे आणि कोणते बंद आहे यामुळे. माणसात प्रथिने बनवणारी जनुके सुमारे २०,००० आहेत. त्यांच्या चालू-बंदचा कारभार पाहणाऱ्या प्रथिनांना ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर म्हणतात आणि अशी सुमारे १,६०० प्रथिने माणसात आहेत. अशा प्रथिनाची कामे मुख्यतः दोन. एक, लांबलचक डीएनएमधून आपल्या ओळखीचा छोटासा क्रम शोधून त्याला धरणे. दोन, तिथे आरएनए बनवणारी यंत्रणा बोलावणे किंवा तिला अडवणे. पेशीच्या आत ही कामे हजारो प्रथिनांच्या गर्दीत चालतात. त्यामुळे एखादे जनुक चालू झालेले दिसले तरी ते नेमके कोणी चालू केले, थेट केले की कोणाकरवी केले, हे पेशीकडे नुसते पाहून सांगता येत नाही. संशयित प्रथिन एकटे वेगळे काढावे, शुद्ध डीएनएसमोर ठेवावे आणि काय होते ते पाहावे, हा त्यावरचा सरळ मार्ग. शुद्ध ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर लागतो तो यासाठी.

सरळ असला तरी हा मार्ग सोपा नव्हता. अमेरिकेत बर्कले येथे रॉबर्ट टिजन आणि विल्यम डायनन यांनी १९८३ मध्ये एसपी१ या मानवी ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टरचे काम दाखवले, तेव्हा त्यांच्या हाती होता तो हेला पेशींच्या अर्कातला एक अंश. ही प्रथिने पेशीत अत्यल्प असतात. नेहमीच्या पद्धतीने एकामागून एक कॉलम चालवत गेले की शेवटी हाती जवळजवळ काहीच उरत नाही. १९८६ मध्ये जेम्स कडोनागा आणि टिजन यांनी तोड काढली. एसपी१ ज्या क्रमाला धरते त्याच क्रमाचे तुकडे त्यांनी एकमेकांना जोडले आणि कॉलममधल्या मण्यांवर पक्के बसवले. कोणत्याही डीएनएला चिकटणारी प्रथिने बरीच असतात. ती वाटेतच अडकावीत म्हणून अर्कात आधी भलताच डीएनए मिसळला. मग कॉलमवर टिकून राहिले ते क्रम ओळखणारे प्रथिन. या पद्धतीने अनेक ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टरांची दारे उघडली. शुद्ध प्रथिन हाती आल्यावर त्याचा अमिनो आम्लांचा क्रम कळू लागला, क्रमावरून जनुक सापडू लागले आणि जनुक सापडल्यावर पेशींचे ढीग गोळा करण्याची गरजच संपली. जनुक प्लाझ्मिडमध्ये घालायचे, प्लाझ्मिड ई. कोलायमध्ये आणि प्रथिन जिवाणूकडून बनवून घ्यायचे. मधुमेहींसाठीचे रिकॉम्बिनंट इन्सुलिन १९८२ पासून याच वाटेने बाजारात आलेले आहे.

या १,६०० मधून आम्ही पी५३ निवडले त्याची कारणे दोन. पहिले कारण उघड आहे. माणसाच्या जवळपास निम्म्या कर्करोगांत या प्रथिनाचे जनुक, टीपी५३, बिघडलेले सापडते. आपल्याकडे तंबाखू आणि गुटख्यामुळे होणाऱ्या तोंडाच्या कर्करोगाचा प्रश्न किती मोठा आहे हे महाराष्ट्रातल्या वाचकाला सांगायला नको. गाल आणि हिरडीच्या कर्करोगाच्या जनुकांचा जो भारतीय प्रकल्प झाला, त्यात खारघरच्या अॅक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्राचा सहभाग होता. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांतही टीपी५३ हे ठळकपणे बिघडलेले जनुक होते.

दुसरे कारण शिकवण्याच्या सोयीचे आहे. शुद्ध प्रथिनाच्या बाबतीत माणूस जिथे जिथे फसू शकतो, त्या बहुतेक सगळ्या जागांवर या विषयातले दिग्गज फसलेले आहेत.

सुरुवात १९७९ सालची. एसव्ही४० या माकडातल्या विषाणूचे लार्ज टी अँटिजेन नावाचे प्रथिन पेशीला कर्करोगाकडे कसे ढकलते, याचा शोध चालू होता. अँटिबॉडीने टी अँटिजेन बाहेर ओढले की त्याच्याबरोबर आणखी एक प्रथिन येई. लंडनमध्ये डेव्हिड लेन आणि लायोनेल क्रॉफर्ड, तर प्रिन्स्टनमध्ये डॅनियल लिंझर आणि अर्नोल्ड लेव्हिन यांना ते दिसले; आणखीही काही गट त्याच सुमारास तिथे पोहोचले. जेलवर या प्रथिनाचा पट्टा सुमारे ५३ किलोडाल्टनपाशी येई, म्हणून नाव पडले पी५३. पुढे ३९३ अमिनो आम्लांचा क्रम कळल्यावर हिशेब केला, तर वस्तुमान भरले सुमारे ४४ किलोडाल्टन. प्रोलीन या अमिनो आम्लाची रेलचेल असलेला एक भाग त्यात आहे आणि त्यामुळे ते जेलमधून रेंगाळत सरकते. आजही पहिल्यांदा पी५३ शुद्ध करणारा विद्यार्थी पट्टा ‘चुकीच्या’ जागी पाहून घाबरतो. जेल प्रथिनाचा वेग दाखवते आणि वजनाचा अंदाज आपण बांधतो, हे त्या पट्ट्यापाशीच शिकून घ्यावे.

दुसरी फसगत मोठी होती आणि पाच वर्षे टिकली. १९८४ मध्ये एकाहून अधिक गटांनी दाखवले की पी५३ चे जनुक रास जनुकाच्या जोडीने पेशीत घातले तर पेशी कर्करोगी होते. पी५३ कर्करोग घडवणाऱ्या जनुकांच्या यादीत जाऊन बसले. प्रयोग नीट झाले होते, पण वापरलेल्या क्लोनांतच उत्परिवर्तन होते. कर्करोगी पेशींतून उचललेले जनुक सगळे निरोगी समजून वापरत होते. १९८९ मध्ये लेव्हिन यांच्या गटाने निरोगी क्लोन वापरला, तेव्हा उलटे चित्र दिसले : पी५३ कर्करोगी रूपांतर रोखत होते. त्याच वर्षी बर्ट फोगेलस्टाइन यांच्या गटाने आतड्याच्या कर्करोगांत सतराव्या गुणसूत्रावरचे हेच जनुक एका प्रतीत गळालेले आणि दुसऱ्या प्रतीत बिघडलेले दाखवले. एका अमिनो आम्लाच्या फरकाने प्रथिनाची भूमिका उलटली होती. म्हणून या पुस्तिकेचे पहिले प्रकरण प्लाझ्मिडच्या सीक्वेन्सिंगवर आहे. शेजारच्या प्रयोगशाळेतून आलेले प्लाझ्मिड ‘तपासलेले आहे’ असे तोंडी कळले, तरी पुन्हा तपासा.

यानंतरची तीन-चार वर्षे शुद्ध प्रथिनाच्या बाजूने भरघोस गेली. पी५३ ठरावीक क्रमाच्या डीएनएला धरते हे १९९१ मध्ये दिसले. त्या क्रमाचे सर्वसाधारण रूप १९९२ मध्ये निश्चित झाले : दहा अक्षरांचा अर्धा भाग, तसाच दुसरा अर्धा भाग आणि मध्ये थोडे अंतर चालते. चार पी५३ रेणूंचा चौकडा मिळून अशा पूर्ण क्रमाला धरतो. त्याच वर्षी कॅरोल प्राइव्हस आणि सहकाऱ्यांनी नळीतच दाखवले की निरोगी पी५३ आरएनए बनवण्याला चालना देते आणि कर्करोगातली रूपे देत नाहीत. १९९३ मध्ये पी२१ हे पी५३ च्या हुकमाने चालू होणारे आणि पेशीचे विभाजन थांबवणारे जनुक सापडले. १९९४ मध्ये निकोला पॅव्हलेटिच यांच्या गटाने डीएनएला धरलेल्या मधल्या भागाची स्फटिकरचना दिली. कर्करोगात वारंवार बदलणाऱ्या जागा नेमक्या कुठे आहेत हे त्या चित्रात दिसले. २४८ आणि २७३ क्रमांकांची आर्जिनिने थेट डीएनएला टेकलेली आहेत. १७५ क्रमांकाचे आर्जिनिन, प्रथिनाचा सांगाडा सांभाळणारा जस्ताचा अणू जिथे बसतो त्याला लागून आहे.

हा जस्ताचा अणू पुस्तिकेत पुन्हा पुन्हा भेटेल. तीन सिस्टीन आणि एक हिस्टिडीन मिळून तो धरून ठेवतात. तो निसटला की मधला भाग विस्कटतो. मुळात हा भाग फारसा टणक नाही. केंब्रिजच्या अॅलन फर्श्ट यांच्या गटाने त्याची मोजमापे केली आहेत. तो उलगडण्याचे तापमान सुमारे ४४ अंश सेल्सिअस, म्हणजे शरीराच्या तापमानाहून जेमतेम सात अंश वर. नळीत ३७ अंशांवर ठेवला तर साधारण नऊ मिनिटांत निम्मे रेणू उलगडलेले असतात. ‘शरीराचे तापमान, म्हणजे प्रथिनाला सोयीचे’ असे मानून ३७ अंशांवर तासभर प्रयोग मांडणारा विद्यार्थी प्रत्यक्षात काय मोजत असतो, याचा विचार करावा.

आता लेबलावरच्या ९५ टक्क्यांकडे येऊ. हा आकडा बहुधा जेलवरून काढतात. जेलवर चढवण्याआधी प्रथिन एसडीएस घालून उकळलेले असते, म्हणजे त्याची घडी आपणच मोडलेली असते. कच्च्या आणि उकडलेल्या अंड्यातल्या पांढऱ्यात प्रथिने तीच असतात. असल्या जेलला त्यांतला फरक कळणार नाही. नळीत दुसरी प्रथिने किती आहेत, एवढेच हा आकडा सांगतो. घडी शाबूत आहे का, जस्त जागेवर आहे का, चौघे एकत्र आले आहेत का, यांपैकी एकाही प्रश्नाला तो हात लावत नाही.

म्हणून शुद्धीकरणाच्या प्रकरणांत आम्ही कृतीइतकाच भर कारणांवर दिला आहे. जिवाणू ३७ अंशांवर वाढवायचे. पण आयपीटीजी घालून प्रथिन बनवायला लावताना तापमान १८ अंशांच्या आसपास आणायचे, कारण घाईत बनलेले पी५३ घडी न पडताच गोळे होऊन बसते. त्याच वेळी माध्यमात थोडे जस्त घालायचे. पेशी फोडताना बर्फ सोडायचा नाही. बफरमध्ये सवयीने ईडीटीए घालण्याचा मोह आवरायचा, कारण ते धातू ओढून घेते. पी५३ मध्ये दहा सिस्टीन आहेत आणि ती हवेने खराब होतात, म्हणून डीटीटीसारखे क्षपणक हवे. पण शुद्धीकरणाचा पहिला टप्पा निकेलच्या कॉलमचा असतो आणि डीटीटी जास्त झाले की तो कॉलम तपकिरी पडतो, म्हणून त्या टप्प्यावर टीसीईपी बरे. निकेलनंतर हेपारिनचा कॉलम लावायचा. हेपारिनवर डीएनएसारखाच ऋण प्रभार दाट असतो, त्यामुळे डीएनए धरणारी प्रथिने त्याला चिकटतात आणि जिवाणूच्या डीएनएचे तुकडे सुटून जातात. हे तुकडे गेले का ते पाहायला २६० आणि २८० नॅनोमीटरची वाचने पुरतात; नुसत्या प्रथिनात पहिले दुसऱ्याच्या साधारण ०.६ पट असते आणि हे प्रमाण एकाच्या वर गेले तर डीएनए अजून चिकटलेला आहे. शेवटी जेल फिल्ट्रेशन, म्हणजे चौकडे वेगळे आणि गोळे वेगळे.

यानंतर येते खरी परीक्षा, ईएमएसए. पी२१ जनुकाजवळचा पी५३ चा क्रम असलेला डीएनएचा छोटा तुकडा घ्या, त्याला चमकणारे लेबल लावा आणि पी५३ बरोबर थंडाव्यात मिसळून सौम्य जेलवर चालवा. पहिल्या ओळीत नुसता डीएनए झरकन खाली जातो. दुसऱ्या ओळीत प्रथिन वाढवले की वर एक संथ पट्टा उमटतो. तिसऱ्या ओळीत बिनलेबलचा तोच क्रम भरपूर घाला, पट्टा पुसला गेला पाहिजे. चौथ्या ओळीत बिनलेबलचा पण बदललेला क्रम घाला, पट्टा टिकला पाहिजे. पाचव्या ओळीत पी५३ ची अँटिबॉडी घाला, पट्टा आणखी वर सरकला पाहिजे. सहाव्या ओळीत आर्जिनिन २७३ बदललेले पी५३, आणि तिथे पट्टा दिसता कामा नये किंवा अगदीच फिका असावा. या सहा ओळींशिवाय ‘आमचे प्रथिन सक्रिय आहे’ असे लिहू नये. पुढचा टप्पा हिशेबाचा : डीएनए भरपूर घेऊन प्रथिन हळूहळू वाढवायचे, चार रेणूंमागे एक क्रम या प्रमाणाशी निकाल ताडायचा आणि सक्रिय हिस्सा काढायचा. हा हिस्सा निम्मा निघाला तर लेबलावरची सांद्रता तुमच्या कामासाठी निम्मी आहे.

प्रथिन सक्रिय निघाले, तरी निष्कर्ष जपूनच काढावे लागतात. ई. कोलायमध्ये माणसाच्या पेशीतली फॉस्फेट आणि अॅसिटिल गट चढवण्याची यंत्रणा नाही, त्यामुळे तिथले पी५३ कोरे असते. १९९२ मध्ये टेड हप आणि डेव्हिड लेन यांच्या गटाने जिवाणूत बनवलेल्या पी५३ च्या शेवटच्या भागाला, म्हणजे शेपटाला, अँटिबॉडी बांधली, तर डीएनए धरण्याची ताकद वाढली. त्यावरून शेपूट म्हणजे लगाम अशी समजूत रूढ झाली. पुढे लांब डीएनए आणि क्रोमॅटिन वापरून केलेल्या प्रयोगांत दिसले की धन प्रभाराचे तेच शेपूट पी५३ ला डीएनएवरून सरकत क्रम शोधायला मदत करते. आधीचा प्रयोग खोटा नव्हता. तो वीस-तीस अक्षरांच्या तुकड्यापुरता खरा होता. नळीतल्या उत्तराला नळीच्या मर्यादा असतात आणि त्या लिहून ठेवण्याची जबाबदारी प्रयोग करणाऱ्याची.

आणखी एक प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात : शुद्ध ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर पेशींच्या माध्यमात ओतला तर आतली जनुके चालू होतील का? एरवी नाही. एवढे मोठे प्रथिन पेशीच्या पटलातून आपणहून आत जात नाही. मुद्दाम सोय केली तर जाते. शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये चार ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टरांची जनुके विषाणूंकरवी उंदराच्या पेशींत घालून त्या पेशी मूळपेशींसारख्या केल्या. २००९ मध्ये शेंग डिंग यांच्या गटाने त्याच चार प्रथिनांना अकरा आर्जिनिनांची शेपटी जोडली, ती ई. कोलायमध्ये बनवली आणि जनुकाऐवजी प्रथिन वापरूनच तो बदल घडवला. रिकॉम्बिनंट ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर केवळ जेलवरच्या पट्ट्यांपुरता नाही, हे त्यातून सिद्ध झाले.

औषधशोधातही तेच. २२० क्रमांकाच्या जागी टायरोसीन जाऊन सिस्टीन आले की पी५३ च्या पृष्ठभागावर एक खाच पडते आणि प्रथिन डळमळीत होते. ही खाच दिसली ती शुद्ध प्रथिनाच्या स्फटिकांत. तिच्यात बसून प्रथिनाला आधार देणारे छोटे रेणू शोधताना कसोटी होती ती प्रथिन किती अंशांवर उलगडते याची. अशा रेणूंपैकी एकाच्या चाचण्या आता रुग्णांवर होत आहेत.

पुस्तिकेची मांडणी वरच्या ओघानेच आहे : प्लाझ्मिड, जिवाणू, कॉलम, घडीची तपासणी, ईएमएसए, साठवण. विकतच्या प्रथिनासाठी वेगळे प्रकरण आहे, कारण अनेक महाविद्यालयांत स्वतः शुद्धीकरण करण्याची सोय नसते. आलेले प्रथिन छोट्या छोट्या भागांत वाटून ठेवा, प्रत्येक भाग एकदाच वितळवा, लॉट क्रमांक वहीत नोंदवा, नव्या लॉटची ईएमएसए जुन्याशेजारी चालवा आणि नुसत्या बफरचा कंट्रोल कधीही वगळू नका, हे त्या प्रकरणाचे सार. पारिभाषिक शब्द प्रयोगशाळेत बोलले जातात तसेच ठेवले आहेत, म्हणजे पुस्तिका बाकावर उघडी ठेवून काम करता येईल.

वाचकांकडे मागणे एकच. तुमच्या प्रबंधात ‘शुद्ध पी५३ वापरले’ एवढ्यावर थांबू नका. ते कशात बनवले, कोणत्या बफरमध्ये ठेवले, किती वेळा वितळवले आणि त्यातले किती टक्के डीएनए धरत होते, हे चार तपशील पद्धतींच्या भागात लिहा. चौथा आकडा नसेल, तर तो काढल्याशिवाय पुढचा प्रयोग सुरू करू नका.